वास्को द गामावर प्रकल्प करताय? मग हे ऐका

पालकहो, मुलांच्या वहीत ‘थोर दर्यावर्दी’ नावाचा प्रकल्प आला असेल तर घाबरू नका. आमच्या घरी तो गेल्याच आठवड्यात येऊन गेला. दहापैकी चार गुण. तुमची तशी गत होऊ नये म्हणून अनुभवाचे चार बोल.

‘वास्को द गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात हवं. भारत तोवर हरवलेला होता. त्याच्या दीड हजार वर्षं आधी ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना आपलं सोपारा आणि कल्याण ठाऊक होतं, अरबांची गलबतं चौल-दाभोळला येऊन नांगर टाकत होती. पण शोध लावल्याचा दाखला त्यांच्यापैकी कोणी काढून ठेवला नाही, त्याला कोण काय करणार? आमच्या लेकीने ‘आफ्रिकेला वळसा घालून भारतात यायचा मार्ग शोधला’ असं लिहिलं. बाईंनी लाल पेनाने मार्ग खोडला, भारत ठेवला.

जहाज थर्माकोलचंच करा. बंदी आहे, पण कुठे मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

वाटाड्याचं नावही काढू नका. जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघालेली ही मंडळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला पोचली आणि पुढचा समुद्र ओलांडायला तिथल्या राजाकडून माहीतगार माणूस मागून घेतला. वारा पाठीशी, वाट जाणणारा सुकाण्यापाशी, की साधारण २३ दिवसांत कालिकत! परतताना मोसमाची वाट न बघता स्वतःच्या अकलेने निघाले, तर तोच समुद्र ओलांडायला तीन महिने लागले. हिरड्या सुजून तीसेक माणसं गेली. चालवायला हात उरले नाहीत म्हणून एक जहाज जाळावं लागलं. हे लिहिलं की शोध जरा बारीक दिसतो.

नजराणा तर चुकूनही नको. झामोरीनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, आणलं होतं काय? १२ पट्टेरी कापडं, ४ लाल टोपडी, ६ हॅटी, पोवळ्यांच्या ४ माळा, हात धुवायची ६ तस्तं, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन. राजाचे कारभारी बघून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, म्हणाले. (आमच्याकडे व्याह्यांनी असा आहेर मांडला असता तर साखरपुडा तिथेच मोडला असता.) लेकीने याचं चित्र काढलं होतं. सहा तस्तं ओळीने, शेजारी पेटी, पेटीवर एक मुंगी. वर्गात पोरं पोट धरून हसली. शेरा: ‘विषयांतर’.

देवळाला चर्च समजून प्रार्थना केली, भिंतीवरच्या चार-पाच हातांच्या मूर्तींना संत समजले. वगळा.

आणि दुसरी सफर झालीच नाही असं धरून चाला. १५०२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यालगत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज या थोर दर्यावर्दीने पकडलं, लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं. शेकडो माणसं होती. दया करा म्हणून बायका तान्ही पोरं उचलून दाखवत होत्या. हे आपल्याकडच्या कोणी रागाने रचलेलं नाही, त्याच्याच ताफ्यातल्या पोर्तुगीज कारकुनाने लिहून ठेवलंय. पुढे कालिकतवर तोफा डागल्या त्या वेगळ्याच. लेकीने यावर एकच ओळ लिहिली होती: ‘त्याने यात्रेकरूंचं जहाज जाळलं.’ तिच्यावर आडवी लाल रेघ आणि समासात ‘नकारात्मक मजकूर नको’.

नकारात्मक! मग सकारात्मक काय लिहायचं होतं, जहाज चांगलं पेटलं?

पण बाईंना एकट्यांना कशाला बोलू? पालकसभेत मी विषय काढला तर तुम्ही सगळे घड्याळं बघायला लागलात. ‘जाऊ द्या हो, चार मार्कांचा तर प्रश्न’ म्हणणारे तुम्हीच. रात्री अकराला दुकानातला तयार चित्रतक्ता कापून पोराच्या वहीत चिकटवणारेही तुम्हीच, आणि पोर तोवर झोपलेलं. गोव्याला जाताना वास्कोच्या स्टेशनवर उतरता, पाटीखाली फोटो काढता. चौलजवळ दर पावसाळ्यात तुमचं रिसॉर्ट ठरलेलं. १५२४ च्या सप्टेंबरात हाच माणूस व्हाइसरॉय होऊन त्याच चौलला उतरला आणि नाताळच्या आदल्या दिवशी कोचीला मेला, हे तुम्हाला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्याचं धाडस मोठं होतं. पहिल्या सफरीत दीडशेच्या वर माणसं घेऊन निघाला, निम्मीसुद्धा घरी परतली नाहीत. लिहा की तेही! पण जाळलेलं जहाजही लिहा. सातवीतल्या मुलीला दोन्ही एका पानावर लिहिता आलं. तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्हाला कटकट नको असते.