त्या दिवशी वर्ग फार शांत होता

पेनाचं टोपण तोंडात धरून बसलेलं मूल दिसलं की मला राहवत नाही. ओळखीचं असो वा नसो, मी जवळ जाते आणि "बाळा, ते काढ बरं तोंडातून" असं सांगते. काही आईवडलांना ते आवडत नाही, हे मला दिसतं. पण त्यामागे काय आहे ते घरच्या चार माणसांपलीकडे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलणं झालं आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. पोस्ट मोठी आहे. शाळेत शिकवणाऱ्यांनी आणि लहान मुलं घरात असणाऱ्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी तिसरीत होते, आठ वर्षांची. शाळा दोन खोल्यांची. गुरुजी त्या दिवशी रजेवर होते, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत बाईंसमोर बसवलेले. पहिलीची पोरं पुढे पाट्या घेऊन, आम्ही मधे, चौथीची मागे भिंतीला टेकून. चौथीला गणितं घातली होती, आम्हाला उतारा लिहायला दिला होता आणि बाई पहिलीची अक्षरं गिरवून घेत होत्या. पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

माझा उतारा लिहून झाला होता. खिडकीबाहेर बघत मी टोपण चघळत बसले होते. निळं टोपण, टोकाशी माझ्याच दातांनी चपटं झालेलं, खिशाला अडकवायची पट्टी केव्हाच तुटून गेलेली.

बाईंनी माझं नाव घेतलं. एकदम आणि जोरात, माझं लक्ष नव्हतं म्हणून. मी दचकले. दचकलं की माणूस आधी श्वास आत ओढतो, आणि त्या श्वासाबरोबर टोपण आत गेलं.

"उभी राहा. काय लिहिलंस ते वाच."

मी उभी राहिले. वही दोन्ही हातांत धरली. वाचायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. श्वास घ्यायला गेले तर छाती नुसती वर उचलली गेली, आत काही आलं नाही. मला खोकताही येत नव्हतं. आजूबाजूची दोघं-तिघं हसली, त्यांना वाटलं हिने काही लिहिलंच नाही. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला आजही लख्ख आठवतं. आपण मरतोय असं मनातही आलं नाही. मनात एवढंच होतं, की टोपण तोंडात घातलं म्हणून आता ओरडा बसणार. म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले. आणि हातानेच विचारलं, बाहेर जाऊ का?

बाई म्हणाल्या, "आधी वाच, मग जा."

या एका वाक्यामुळे मी आज हे लिहिते आहे, असं मी मानते. बाईंनी हो म्हटलं असतं तर मी शाळेच्या मागे जाऊन उभी राहिले असते, जिथे कुणाचंच लक्ष गेलं नसतं.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते पहिलीतल्या एका पोराच्या. तो खाली बसलेला, मान वर करून माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "बाई, हिचे ओठ बघा, निळे झालेत."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बाई धावत आल्या. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मग तोंडात बोट घातलं. मग खाली बसल्या, मला गुडघ्यावर पालथी टाकली आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताने दणके घातले. कानात गूं असा आवाज होता आणि जमिनीवरच्या खडूच्या धुळीत कुणाचा तरी पाय उमटलेला मला दिसत होता, पाच बोटं आणि टाच. तो ठसा कडेने काळा होत चालला होता.

टोपण फरशीवर पडलं तेव्हा टक् असा आवाज आला. त्यानंतर मी जो श्वास घेतला त्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, असं चौथीतली एक मैत्रीण नंतर सांगायची. मी ओकले, रडले, आणि माझ्याबरोबर पहिलीची सगळी पोरं रडायला लागली.

शाळेपासून दवाखाना चालत पाऊण तासावर होता. श्वास पूर्ण बंद झाला तर साधारण चार मिनिटांनंतर मेंदूला इजा व्हायला सुरुवात होऊ शकते. हिशेब तुम्हीच करा. लांबवरच्या छोट्या शाळेत मूल गुदमरलं तर डॉक्टर, नर्स, रुग्णवाहिका सगळं काही तो एक शिक्षक असतो. आणि त्याला आपण कविता, गणित, पट नोंदणी सगळं शिकवून पाठवतो, फक्त हे शिकवत नाही.

मी स्वतः प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं ते माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा. तिथे रबरी पुतळ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझे हात थरथरायला लागले. मला कळलं की बाईंनी केलेल्या तीन गोष्टींपैकी दोन चुकीच्या होत्या. गुदमरणाऱ्याला पाणी द्यायचं नाही. आणि वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, ती आणखी आत सरकते. तिसरी गोष्ट मात्र बरोबर होती.

मूल खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल तर थोडी हवा जाते आहे. त्याला जोरात खोकू द्यायचं, पाठीत मारायचं नाही, आणि त्याच्याजवळून हलायचं नाही. आवाज बंद झाला, खोकला निघेना, की लगेच हात चालवायचे. मूल एक वर्षाहून मोठं असेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच जोरदार दणके द्यायचे. निघालं नाही तर मागून मिठी मारल्यासारखं धरायचं, एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवायची, दुसऱ्या हाताने ती पकडायची आणि आत-वर असे पाच झटके द्यायचे. पुन्हा पाच दणके, पुन्हा पाच झटके. दुसऱ्या कुणीतरी तोवर रुग्णवाहिकेला फोन करायचा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला डोकं खाली ठेवून हातावर पालथं घ्यायचं, पाठीत पाच दणके, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचं. शुद्ध हरपली तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करायचा. हे वाचून येत नाही, मी सांगते. एकदा पुतळ्यावर करून बघावं लागतं, कारण जोर किती लावायचा ते हातालाच कळतं. आणि पोटावर झटके दिले असतील तर मूल ठीक दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.

पाठीतल्या दणक्यांवरून तर जगात किती वर्षं वाद चालला! अमेरिकेतले डॉक्टर हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये पोटावरच्या झटक्यांची पद्धत मांडली. दणक्यांनी वस्तू खाली सरकते, असं ते ठामपणे सांगत. त्यांच्या पद्धतीने असंख्य जीव वाचले, तो मान त्यांचाच. पण युरोपातल्या नियमांत आधी दणके, मग झटके असंच आहे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशननेही ऑक्टोबर 2025 मध्ये नव्या मार्गदर्शनात आधी पाच दणके, मग पाच झटके असा क्रम दिला. ते वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी बाई आठवल्या. त्यांनी यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

टोपणाबद्दलही सांगते. आज पेनाच्या टोपणाच्या टोकाला बारीक भोक दिसतं ना, ते शाई वाळू नये म्हणून आहे असं बरेच जण समजतात. ते भोक श्वासासाठी आहे. टोपण घशात अडकलंच तर त्यातून थोडी तरी हवा जावी म्हणून. बिक कंपनीने आपल्या टोपणांना ते 1991 च्या सुमारास द्यायला सुरुवात केली, आणि मुलांच्या पेनांच्या टोपणांसाठी आयएसओ 11540 नावाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. माझ्या टोपणाला भोक नव्हतं. पेन घेताना मी आजही आधी टोपण उजेडात धरून बघते, तुम्हीही बघा.

आणखी एक, कारण यात फसायला होतं. खोकला थांबला, मूल खेळायला लागलं, म्हणजे वस्तू निघाली असं नाही. ती घशातून खाली, बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसते, कारण ती नळी जास्त रुंद आणि सरळ असते. प्लास्टिक साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. मग महिनोन्‌महिने खोकला, पुन्हापुन्हा न्यूमोनिया. शेव्हालियर जॅक्सन या डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या 2000 हून अधिक वस्तू जपून ठेवल्या. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या म्यूटर वैद्यकीय संग्रहालयात आजही त्या खणाखणांत मांडलेल्या आहेत. सेफ्टी पिना, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे. त्यांचे फोटो मी बघितले आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

पण तंत्र शिकलं म्हणजे झालं असं मला वाटत नाही. तंत्र वापरायला आधी कळावं लागतं, आणि गुदमरणं हे मुकं असतं. त्यात भर आपण घालतो ती धाकाची. प्रशिक्षणात सांगितलं की गुदमरणारी मोठी माणसंसुद्धा लाजेने उठून बाहेर जातात आणि एकटी सापडतात. मग आठ वर्षांचं पोर काय करणार? त्याला वाटतं चूक आपली, लपवायला हवी. मी ओठ मिटून घेतले होते, लक्षात घ्या. श्वास बंद झालेला असताना मला भीती ओरड्याची होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की शाळेच्या पहिल्या दिवशी, हजेरी घ्यायच्या आधी, मुलांना एक गोष्ट सांगावी. तोंडात, नाकात, कानात काही गेलं, काही गिळलं, तर ते कसं गेलं हे कुणी विचारणार नाही, कुणी रागावणार नाही. गळ्याला दोन्ही हात लावून बाईंपुढे येऊन उभं राहायचं. आणि शेजारच्याला तसं दिसलं तर त्याने मधेच ओरडायचं, परवानगी न विचारता. पहिलीतलं ते पोर बोललं, कारण वर्गात बोलायचं नसतं हे अजून त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं. आम्ही मोठी मुलं शिस्तीत गप्प होतो.

बाईंचा नंबर मला त्या चौथीतल्या मैत्रिणीकडून मिळाला. बाई आता निवृत्त आहेत. मी नाव सांगितलं आणि पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मी घाईघाईने म्हटलं, "बाई, तुम्ही पाठीत मारलंत ना, तेच बरोबर होतं. आता मोठमोठे डॉक्टरही तेच सांगतात. पाच दणके."

"मी मोजले नाहीत गं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुझं नाव मी जोरात घेतलं होतं. आठवतं तुला?"

मी म्हटलं, "बाई, माझं लक्ष नव्हतं."

"नसेना का. त्यानंतर मी कुठल्या पोराचं नाव लांबून घेतलं नाही. लक्ष नसलं तर उठायचे, त्याच्याजवळ जायचे आणि खांद्यावर हात ठेवायचे. निवृत्त होईपर्यंत."