पेंटर हे आडनाव नव्हतं

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर म्हटलं की लोक थेट सिनेमावर येतात. 'सैरंध्री', १९२०, टिळकांनी दिलेली 'सिनेमाकेसरी' पदवी. सगळं खरं. पण त्यांचं आडनाव मेस्त्री. पेंटर हा धंदा, तो नावाला चिकटला. नात्यातले भाऊ आनंदराव, तेही मेस्त्रीचे पेंटर झाले. बाबूरावांनी आर्ट स्कूलची पायरी चढली नाही. हात तयार झाला तो नाटकाचे पडदे रंगवताना.

ज्याला आपण कोल्हापूरची चित्रशैली म्हणतो तिचं अर्धं मूळ मला या पडद्यांत दिसतं. पडद्याचा रंग म्हणजे रंगाची पूड आणि ती चिकटवणारा सरस. ओला असताना गडद, वाळला की फिका. म्हणजे लावतानाच उद्याचा रंग डोळ्यापुढे हवा. त्यात प्रेक्षक लांब बसलेला, बारीक नक्षी त्याला दिसायची नाही. उजेड कुठं, सावली कुठं, एवढंच पोचणार. आता बाबूरावांचं तैलचित्र बघा. चेहऱ्याची कड रेषेनं आवळलेली नसते, मागच्या अंधारात अलगद विरते. (वाद घालायचा असेल तर या.)

उरलेलं अर्धं मूळ आबालाल रहिमान. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून परत आलेले, शाहू महाराजांच्या पदरचे, बाबूरावांपेक्षा तीसेक वर्षांनी मोठे. कोल्हापुरातल्या कोटितीर्थाच्या तळ्याचं त्यांना वेडच होतं. एका प्रदर्शनात त्यांचं वहीच्या पानाएवढं जलरंगचित्र पाहिलं. झाडाची सावली चार फटकाऱ्यांत, आणि मधे कागद कोराच सोडलेला. ती पाण्यावरची चकाकी! मी तिथंच अडकलो, बरोबरची मंडळी पुढं निघून गेली.

दत्तोबा दळवी, बाबा गजबर, चंद्रकांत मांडरे, हे सगळे चित्रकार याच हवेतले. मांडरे तर पडद्यावरचे नायक आणि घरी निसर्गचित्रं काढत बसणारे. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल बाबूरावांच्याच सिनेमा कंपनीत घडले. त्यांच्या 'संत तुकाराम'मधला (१९३६) उजेड एकदा चित्रकाराच्या नजरेनं बघा.

आणि आपण काय करतो? बंगालची चित्रशैली सांगतो, १९४७चा मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट सांगतो, कोल्हापूरवर 'वास्तववादी' असा शिक्का मारून मोकळे होतो.

सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती आनंदरावांची. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ला. आनंदराव आणि बाबूराव या दोघांनी ध्यास घेतला, आपला कॅमेरा आपण बनवायचा. १९१६ला आनंदराव गेले. कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला.

आनंदरावांचं एखादं मूळ चित्र कुणाच्या जुन्या वाड्यात भिंतीवर असेल तर फोटो टाका, कृपा होईल. फ्लॅश मारू नका फक्त.