रोह्यावर केस करू काय?

गेल्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या चुलतभावाच्या फटफटीला रोही आडवा आला. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: रोही म्हणजे नीलगाय.) पांढरकवड्याहून गावाकडे येताना, रात्री नऊच्या सुमारास. मांडीचं हाड मोडलं, समोरचे दोन दात गेले. रोही तुरीत पळाला.

तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. काका म्हणतात, आपल्या योजना नुसत्या पोस्टरवर. विमा असावा तर अमेरिकेसारखा. मामा म्हणतात, योजना आहेत, आपल्याच लोकांना कागद सांभाळता येत नाहीत. मी फ्लोरिडात राहतो म्हणून दोघंही माझी साक्ष काढतात. ती दोघांच्याही कामाची नाही.

इथं गाडी घेतली की स्वतःच्या दुखापतीचा विमा घ्यावाच लागतो. चूक कोणाची हे न बघता तुमचीच कंपनी उपचाराचे पैसे देते. ऐकायला झकास. पण १० हजार डॉलरची मर्यादा १९७९ पासून हललेली नाही, आणि त्यातूनही बिलाचे ८० टक्केच मिळतात. अपघातानंतर १४ दिवसांच्या आत डॉक्टर गाठला नाही तर दमडी मिळत नाही. दुखणं तातडीचं नव्हतं असा शेरा पडला तर १० हजारांचे अडीच हजार होतात. मला सिग्नलवर मागून धडक बसली तेव्हा मी अस्सल गावच्यासारखा वागलो. मानेला बाम चोळला, 'होईल बरं दोन दिवसात' म्हटलं. बाराव्या दिवशी ऑफिसातल्या एका बाईनं दटावलं म्हणून दवाखान्यात गेलो. नाहीतर सगळं बिल माझ्याच बोडक्यावर होतं.

आणि काकांना हे सांगितलं की ते थोडा वेळ गप्प बसतात: मोटरसायकलला हा विमा लागूच नाही. भाऊ इथल्या रस्त्यावर हरणाला धडकून पडला असता तर त्यातला एक डॉलर त्याच्या हाती आला नसता.

उलट गावात त्याच्याकडे विम्यांची कमी नव्हती. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जाणारी सुरक्षा विमा योजना होती. सातबाऱ्यावर नाव असल्यानं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना होती. दोन्ही मृत्यूवर किंवा कायमच्या अपंगत्वावर पैसे देतात. मोडलेल्या हाडाशी त्यांना कर्तव्य नाही. फटफटीचा थर्ड पार्टी विमा होता, पण तो समोरच्यासाठी. समोर होता रोही. "रोह्यावर केस करू काय?" तो म्हणाला, "मेलो असतो त दोन लाख भेटले असते, दादा. वाचलो त भुर्दंड पडला."

राहिली महात्मा फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, कॅशलेस. तीच कामी यायला हवी होती. त्या रात्री पोरांनी त्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं आधी ५० हजार भरायला सांगितले. काकूनं ते सावकाराकडून आणले. योजनेचा फलक भिंतीवर होता, आरोग्यमित्राची (योजनेचे कागद बघून पेशंटला मदत करणाऱ्या माणसाची) खुर्ची रिकामी होती. रेशनकार्ड घरी पेटीत. सकाळी कार्ड आलं तेव्हा त्यावरचं नाव आधारशी जुळेना, आणि तोवर रॉड टाकूनही झाला होता. भरलेल्या पावत्या घेऊन मागून जायचं दार या योजनेत नाही.

इथं मामांशी माझं भांडण आहे. रात्री नऊ वाजता, हाड मोडलेल्या माणसाच्या आईनं कागद जुळवावेत ही अपेक्षाच चुकीची. फ्लोरिडातल्या दवाखान्यातही लूट आहे, पण विम्याचा नंबर विचारून कंपनीशी डोकं लावायला त्यांचा माणूस असतो. आपल्याकडे ते डोकं पेशंटच्या आईनं लावायचं.

आपल्याला हे जमतच नाही असंही नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं वर्ध्याच्या आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला होता. सुगीत घराघरातून ज्वारी गोळा व्हायची आणि कोणी आजारी पडलं तर गावातलाच आरोग्यसेवक पुढचा मार्ग सांगायचा. त्या योजनेत मला ज्वारीपेक्षा तो माणूस महत्त्वाचा वाटतो. मे २०२५ पासून केंद्राची नवी योजना आली आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार. चांगलीच आहे. पण त्यासाठी अपघाताची खबर पोलिसांकडे लागते, आणि रोही आडवा आला म्हणून आमच्या गावात पोलिसांना फोन कोण करतं? त्या रात्री दवाखान्यात जाण्याआधी, गावातच, हे सांगणारं कोणीतरी हवं. आशाताई सांगू शकतील, पण त्यांच्यावर आधीच किती कामं टाकून ठेवली आहेत! त्याचा वेगळा मेहनताना द्यायला हवा, फुकटात नको.

काकांनी परवा ग्रुपवर पुन्हा अमेरिकेचा विषय काढला. मी उत्तर दिलं नाही, आईला फोन करून आमच्या घरच्या रेशनकार्डाचा फोटो मागवला. त्यावर आजी अजून आहे, जिला जाऊन सहा वर्षं झाली. लग्न होऊन अमरावतीला गेलेली बहीण आहे. आणि खालून दुसरं नाव माझं आहे, आडनावात एक वेलांटी चुकलेली.