चिमूटभर कार्बनने लोखंडाची बॅटरी सुधारते का?

सध्या एक संदेश फिरतोय: ‘लोखंडाच्या भुकटीत चिमूटभर कार्बन मिसळा, लोखंड-हवा बॅटरी हजारो वेळा चार्ज होते, लिथियमचा जमाना संपला.’ या बॅटरीत एका बाजूला लोखंड असतं आणि दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. तिच्याकडून मला खरंच मोठी आशा आहे, म्हणून ही अर्धवट माहिती खटकते.

‘कार्बनमुळे जास्त वीज साठते.’ वीज साठवतं ते लोखंडच. बॅटरी वापरताना त्याचं फेरस हायड्रॉक्साइड होतं. ते विजेचं वाहक नाही आणि मूळ लोखंडाच्या साडेतीन पटींहून जास्त जागा घेतं. दुधावर साय धरावी तसा त्याचा थर कणावर बसला की आतलं लोखंड वापराविना पडून राहतं. विजेची वाट कणाकणांपर्यंत चालू ठेवणं, एवढंच कार्बनचं काम.

‘चिमूटभर, कुठलाही चालतो.’ अजिबात नाही. जपानच्या क्यूशू विद्यापीठात ग्रॅफाइट, ॲसिटिलीन ब्लॅक (एक प्रकारची काजळी), कार्बन नॅनोतंतू असे प्रकार तपासले गेले आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं निघालं. प्रयोगांत कार्बन कधी कधी लोखंडाइतकाच घालतात. इथे हिशेब नीट बघायला हवा. एक ग्रॅम लोखंडाची सैद्धांतिक क्षमता सुमारे 960 मिलिअँपिअर-तास. निम्मा कार्बन असेल तर इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बॅटरीतल्या लोखंड-कार्बनच्या टोकाच्या, एका ग्रॅममागे 480 च उरते. बातमीत मात्र पहिलाच आकडा झळकतो.

‘मग अडचणच उरत नाही.’ सगळ्यात मोठी अडचण तशीच राहते. चार्ज करताना लोखंड परत मिळतं उणे 0.88 व्होल्टला, तर पाण्यातून हायड्रोजन सुटायला उणे 0.83 पुरतो. म्हणजे वीज हायड्रोजनच आधी खातो. कार्बनवर लोखंड बारीक पसरलं की त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि वायूलाही जास्त जागा मिळते. हे आवरायला गंधकाची संयुगं लागतात. 2012 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी कार्बोनिल लोखंडात (लोखंडाची अतिशुद्ध, बारीक भुकटी) बिस्मथ सल्फाइड हे गंधकाचं संयुग घालून चार्जिंगची कार्यक्षमता 96 टक्क्यांवर नेली. त्याचं श्रेय कार्बनला देऊन कसं चालेल?

हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये तर चार्ज करताना ऑक्सिजन सुटतो आणि कार्बन हळूहळू झिजतो.

राहिला लिथियमचा मुद्दा. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी कंपनी लोखंड-हवा बॅटरी बनवते ती वीजजाळ्यासाठी, सलग 100 तास वीज पुरवायला. घातलेल्या विजेपैकी साधारण निम्मी किंवा त्याहून कमीच परत मिळते. वारा चार दिवस पडला तर स्वस्त लोखंडासाठी तेवढी घट परवडते. स्कूटरला ही बॅटरी जडही पडेल आणि संथही.