हलकं काडतूस आणि नवा हात : सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

छोट्या पिस्तुलावर नवशिक्यांना आधी कमी ताकदीच्या काडतुसांवर शिकवावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन. हलक्यावर शिकलेला माणूस खरं काडतूस उडवताना बिचकणार. कमजोर काडतुसानं पिस्तूल अडकणार. आणि फौजेत असले लाड नसतात, जे हत्यार चालवायचं त्यावरच शिकायचं. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल माझा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हडपसरकडचे एक पेट्रोलपंपवाले गृहस्थ परवाना मिळाल्यावर नवं कोरं .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथे इंचात) रिव्हॉल्व्हर घेऊन नेमबाजीच्या रेंजवर आले होते. दहा मीटरवर त्यांच्या सगळ्या गोळ्या खाली आणि डावीकडे लागत होत्या. साइट (नळीवरची नेम धरायची खूण) बिघडलीय, असं त्यांचं ठाम म्हणणं. मी त्यांना न सांगता सिलिंडरमध्ये मधेच एक डमी, म्हणजे बारूद नसलेलं काडतूस भरलं. घोडा नुसता ‘टक्’ करून पडला. ना आवाज, ना धक्का, आणि तरीही नळी चांगली दोन बोटं खाली गेली. डोळे घट्ट मिटलेले. गोळी सुटायच्या आधीच त्यांचा हात येणाऱ्या धक्क्याशी झुंजायला लागला होता. हे बिचकणं हलक्या काडतुसानं शिकवलेलं नव्हतं, त्यांनी तर हलकं काडतूस हातातही धरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीचं काडतूस हलक्या हत्यारातून उडवल्याचा तो परिणाम होता. आम्ही त्यांना .22 च्या जड पिस्तुलावर आणलं, कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ दिले, कारण निम्मी भीती आवाजाची असते. समोरची साइट गोळी सुटेपर्यंत दिसत राहते, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं. मग परत त्यांच्याच रिव्हॉल्व्हरवर आणलं, तेव्हा डमीवर नळी जागची हलली नाही.

शरीर पकड शिकायला वेळ लावतं, भीती मात्र चटकन शिकतं. आणि एकदा बसलेली भीती काढायला, ती बसू न देण्याच्या कितीतरी पट कष्ट पडतात. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

आता हत्याराच्या वजनाचं. तुम्ही शिकलात ते फौजेचं 9 एमएम 1ए पिस्तूल पूर्ण लोखंडी, भरल्यावर किलोच्या आसपास. नागरिकांना 9 एमएम मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. म्हणून पुण्यातला परवानाधारक बहुतेक वेळा .32 घेतो, आणि बाळगायला सोपं म्हणून त्यातलंही छोटं. कानपूरच्या आयुध निर्माणीनं 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं ‘निर्भीक’ हे .32 रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं आहे. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या हत्यारातून उडवलं, तर हातावर येणारी धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे खिशात हलकं वाटणारं हत्यार हातात जड जातं. ‘बायकांना हलकं रिव्हॉल्व्हर द्या आणि त्यावरच शिकवा’ असं तुम्ही लिहिलंत, ते मला म्हणूनच पटत नाही. हलकं हत्यार हे मुरलेल्या हाताचं काम आहे, मग तो हात बाईचा असो की पुरुषाचा.

फौजेबद्दल बोलायचं तर एनसीसीची पोरं पहिली गोळी .22 रायफलीतूनच झाडतात. अमेरिकेत कोल्ट कंपनीनं आपल्या .45 पिस्तुलाच्या धाटणीचं .22 पिस्तूल 1931 मध्ये सरावासाठी आणलं. इवल्याशा .22 ला जड स्लाइड (पिस्तुलाचा गोळीगणिक मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मागे ढकलणं जमेना, म्हणून 1937 च्या सुधारित पिस्तुलात तरंगता चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती सरकती खोबण, बसवला. त्यामुळे स्लाइड नीट चालू लागली आणि धक्काही मोठ्या पिस्तुलाच्या जवळ गेला. तुमच्या पहिल्या दोन्ही शंका त्या कारागिरांनाही आल्या होत्या, आणि त्यांनी हलकं काडतूस टाकून न देता हत्यार त्याच्याजोगं केलं. शिवाय 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल नेमबाजीचं रौप्य आणणारे विजय कुमार तेव्हा लष्करात सुभेदारच होते. ते पदक .22 वरच मिळालं. 2004 पर्यंत तर या प्रकारात त्याहून दुबळं .22 शॉर्ट काडतूस वापरायचे.

अडकण्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. माझ्या लेखाचा हा भाग वाचकांनी नीट वाचावा, म्हणून इथे सविस्तर लिहिते. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी, म्हणून तिचं स्प्रिंग कडक. काडतुसात जोर कमी पडला की स्लाइड पूर्ण मागे जात नाही, काडतुसाचं रिकामं कवच बाहेर पडता पडता स्लाइडच्या खिडकीत उभं अडकतं. कित्येक छोट्या .22 पिस्तुलांच्या माहितीपुस्तिकेत जलद वेगाचंच काडतूस वापरा असं लिहिलेलं असतं, ते याच कारणानं. तुम्ही म्हणता, अडकू दे, अडथळा काढायलाही शिकेल. शिकेल, पण पहिल्या दिवशी नको. नवा माणूस पिस्तूल अडकलं की काय करतो, ते तुम्हीही पाहिलं असेल : मनगट वळवून खिडकीत डोकावतो, आणि नळी थेट शेजारच्या लेनकडे जाते. बोट ट्रिगरवरच. मला रेंजवर सगळ्यात जास्त धास्ती या एका क्षणाची असते.

म्हणून हलकं काडतूस मी रिव्हॉल्व्हरमध्ये निर्धास्त वापरते, तिथे सिलिंडर बोटाच्या जोरावर फिरतो, काडतुसाच्या नाही. सेल्फ-लोडिंगमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात, नवशिक्याला मॅगझिनमध्ये एकच राऊंड (काडतूस) भरून देते. स्लाइड अर्धवट आली तरी पुढचं काडतूस अडकायला नसतंच.

तुम्ही खडकीचे, दारूगोळा कारखान्याच्या शेजारचे, त्यामुळे पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण इतरांसाठी लिहिते. ‘हलकं’ म्हणजे कारखान्यात हलकं म्हणून बनलेलं. कुणी बारूद कमी करून घरी बनवलेलं काडतूस देऊ केलं, तर हातही लावू नका. जोर फारच कमी पडला तर गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी आली की नळी फाटू शकते. ट्रिगर ओढल्यावर नेहमीच्या धमाक्याऐवजी ‘फुस्स’ झालं, तर नळी टार्गेटकडेच ठेवून थांबायचं आणि प्रशिक्षकाला बोलवायचं. पुढचा राऊंड कुठल्याही परिस्थितीत उडवायचा नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : खरं काडतूस कधी? मी दिवस मोजत नाही. डमीवर नळी स्थिर राहिली आणि डोळे उघडे राहिले की त्याच दिवशी. आधी जड हत्यारातून, मग त्याच्या स्वतःच्या छोट्या हत्यारातून, मधूनमधून डमी मिसळत. संरक्षणासाठी परवाना घेतलेल्याचा शेवटचा टप्पा मात्र तुम्ही म्हणता तसाच होतो : जे काडतूस तो घरी भरून ठेवणार तेच, भरलेल्या मॅगझिनमधून किंवा पूर्ण सिलिंडरमधून, आणि त्यात हलकं एकही नाही.