‘अंडाकृती करा’ म्हटलं की

जळगावात सुताराला ‘टेबलाची फळी अंडाकृती करा’ म्हणावं आणि पुढचं देवावर सोडावं. तो ‘व्हई जाई, दादा’ म्हणतो, तिथेच घात होतो. त्याच्या मनात चौकोनाच्या दोन टोकांना डकवलेली अर्धवर्तुळं, म्हणजे तापाची कॅप्सूल. आपल्या मनात लंबवर्तुळ. आणि शब्दात खरोखरचं अंडं! खगोलशास्त्रज्ञ केप्लरसारखा माणूसही मंगळाच्या कक्षेपायी आधी अंड्यातच अडकला होता. १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापेपर्यंत आकडेमोडीने त्याचा जीव काढला. मग सुताराला काय बोलायचं?

लंबवर्तुळ निदान दोन खिळ्यांत बसतं. पाच बाय चार फुटांसाठी लांबीच्या मधल्या रेघेवर, मध्यापासून दोन्हीकडे दीड-दीड फुटावर खिळे ठोका. आठ फुटांचा बंद फास त्यांच्याभोवती टाका, पेन्सिलीने ताणत फिरवा. गाठीत जाणारा दोरा वेगळा धरायचा. फास दुमडून ताणला की चार फूट भरला पाहिजे. सुतळी मात्र नको. ती ताणाने लांबते, मग रेघेची दोन टोकं सोयरीक मोडलेल्या व्याह्यांसारखी बोटभर अंतर राखून निघून जातात. चपला शिवायचा मेणाचा दोरा बरा.

खरं अंडं लागतं ते हिवाळ्यात, भरीत पार्टीच्या पाटीवर वांगं काढायला. एक फूट त्रिज्येचं वर्तुळ, आडवा व्यास अब, माथ्यावर बिंदू क. अक आणि बक या रेघा वर वाढवा. कंपाससारख्या फिरवायच्या पट्टीचा खिळा अ वर ठेवून ब पासून दोन फुटांचा कंस वर न्या, अकच्या वाढीव रेघेवर थांबा. ब वरून तसंच उलट. उरलेला माथा क वरून सात इंचांनी मिटवा. रुंदी दोन फूट, उंची दोन फूट सात इंच. जिथे कंस बदलतो तो बिंदू आणि दोन्ही केंद्रं एका रेघेत हवीत. कंस पुढे रेटला की वांग्याच्या खांद्याला टेंगूळ आलंच.

देठ निमुळत्या टोकाला. टांगणाऱ्याला हे तीनदा सांगावं. निमुळतं टोक खाली गेलं की तो जुन्या अंडाकृती गटाराचा छेद होतो: पाणी थोडं असलं तरी तळाशी खोल राहून वेगाने वाहावं, गाळ बसू नये, म्हणून ती तशीच बांधत. आणि त्याच्याखाली लिहिलेलं असतं, ‘गरमागरम भरीत-पुरी’.