‘फळीच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनी छोटी विमानं सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. ‘पायपर कबमधली लाकडी फळी म्हणजे नुसती पाय ठेवायची जागा. झिजली की दुकानातून सहा मिलिमीटरचं कुठलंही प्लाय आणा, जुनी फळी वर ठेवून पेन्सिल फिरवा, जाड रंग द्या आणि स्क्रू मारा. कायमचं काम हवं तर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाका. कागदपत्रांची भानगड नाही.’ पेन्सिल फिरवण्याला माझी हरकत नाही. बाकीचं एकेक घेऊ.

‘नुसती पाय ठेवायची जागा’. जे-३ कब अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला बनायचं, १९३८ ते १९४७. त्याचे ब्रेक टाचेचे: जमिनीलगत दोन छोटी पेडलं, टाच दाबली की चाक अडतं. म्हणजे टाच फळीवरून सरकणार आणि ब्रेक शोधणार. त्याच फळीच्या आजूबाजूला आणि खाली स्टिकची (विमान चालवायच्या दांड्याची) जोडणी, रडरची (शेपटीवरच्या सुकाणूची) पेडलं आणि केबली असतात. फळी ओल्याने फुगून तिच्यातली स्टिकसाठीची खाच आवळली की स्टिक घासायला लागते. स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर त्याचं टोक खाली केबलीच्या वाटेत येऊ शकतं. त्यामुळे नवी फळी बसली की स्टिक चारही कोपऱ्यांपर्यंत आणि पेडलं दोन्ही बाजूंना पूर्ण नेऊन बघायची, आणि दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन खालून बघायचं. दहा मिनिटांचं काम. या सल्ल्यात ते नाही.

‘कुठलंही प्लाय’. आपल्याकडचा सुतार पहिला प्रश्न विचारतो: कमर्शियल की मरीन? त्याचं बरोबर आहे. कमर्शियलचा डिंक कायमच्या ओलीत टिकत नाही. मरीनचा टिकतो. पण विमानाच्या प्लायची प्रतवारी त्याहून कडक असते, अमेरिकी मानकाचं नाव एमआयएल-पी-६०७०. मधल्या थरांत पोकळी असलेलं प्लाय वरून चकचकीत दिसतं. करवतीने कापल्यावर कड उजेडात धरा: थरांमध्ये काळं भोक दिसलं, की नेमका तिथेच एखादा स्क्रू येणार आणि काही महिन्यांत ढिला होणार. तुकडा पाण्यात उकळून बघायची जुनी युक्ती चांगली आहे, पण ती फक्त डिंक तपासते, पोकळी नाही.

जाड रंगाचंही तेच. रंगाखाली तडा आणि काळा डाग दोन्ही लपतात. पारदर्शक व्हार्निश लावा, आणि सपाट भागापेक्षा कडांना आणि स्क्रूच्या भोकांना जास्त पाजा. पाणी तिथूनच शिरतं.

‘पत्रा कायमचा’. इथे जरा हिशेब करू. एक मिलिमीटरचा पत्रा सहा मिलिमीटरच्या बर्च प्लायपेक्षा हलका आहे, हे खरं. पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ढोबळमानाने तो पत्रा प्लायच्या तिसाव्या हिश्श्याइतकाच ताठ. टाच टेकली की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजेल. तेवढाच ताठपणा हवा तर पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास लागेल, आणि मग वजन प्लायच्या दुप्पट. शिवाय ओलीत अ‍ॅल्युमिनियम आणि विमानाच्या सांगाड्याची स्टीलची नळी एकमेकांना टेकली की गंजाला निमंत्रणच. लॉक हेवनवाल्यांनी लाकूड उगाच नव्हतं वापरलं.

‘कागदपत्रं नाहीत’. अमेरिकी नियमांत वैमानिक-मालकाला स्वतः करता येतील अशा देखभालीच्या कामांची यादी आहे. तीत आसनं आहेत, बाजूच्या खिडक्या आहेत. लाकडी फळीचं नाव नाही. मात्र मालकाने आपल्याच विमानासाठी भाग बनवायला तिथे मुभा आहे, म्हणजे फळी कारखान्यातूनच आणावी लागते असंही नाही. ती कुठल्या मालाची, कशी बनवली हे दाखवता आलं पाहिजे, परवानाधारक मेकॅनिकने बसवलेली बघितली पाहिजे आणि लॉगबुकात नोंद झाली पाहिजे. आपल्या फ्लाइंग क्लबांतून उडालेलं एचएएलचं पुष्पकही कबसारखंच, स्टीलच्या नळ्यांवर कापड चढवलेलं. पण इथे डीजीसीएचे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम लागतात, अमेरिकेतली मुभा उचलून आणता येत नाही.

आता या सल्ल्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती म्हणजे जे त्यात लिहिलेलंच नाही ते. फळी हे झाकण आहे. ते काही वर्षांनी एकदा उघडतं. कबचं दार उजवीकडे. पावसातले ओले बूट त्याच बाजूने आत येतात, आणि चिखल, गवत, पाणी फळीखाली जाऊन खालच्या नळ्यांना चिकटून बसतं. वर गालिचा असेल तर ओल सुटतच नाही. म्हणून जुनी फळी काढल्या काढल्या नवीला हात लावू नका. आधी झाडून काढा, नळ्या पुसा, रंगाचे फुगे खरवडा. आधीच्या कुणी फळी अडकवायला थेट नळीतच भोक पाडून स्क्रू मारलाय का तेही बघा. अशा भोकातून पाणी नळीच्या आत जातं आणि गंज आतून बाहेर येतो, वरून काही कळत नाही. शंका आली तिथे टोच्या टेकवून दाबा. टोक आत गेलं, तर फळीचं काम तिथेच ठेवून आधी वेल्डरला बोलवावं लागेल.